डाव्या पायातली गुठळी

आधीच सांगते. हे खरं घडलेलं आहे. माझ्यासमोर घडलं, मी पूर्ण शुद्धीत होते, आणि त्यात दोष माझा आहे.

मी मायक्रोबायोलॉजीची एम.एस्सी. आहे. लिंबू-मिरची, अंगारे-धुपारे मी आयुष्यात केलं नाही. "मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या असून..." असं खाली लिहायला ज्यांचे हात शिवशिवत असतील, त्यांनी इथूनच परत फिरावं. मला सहानुभूती नको आहे आणि उपदेश तर नकोच नको.

तारीख १२ मे १९९७, सोमवार. ठिकाण बारामती. एका खाजगी हॉस्पिटलची पहिल्या मजल्यावरची खोली. वेळ दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं.

हो, दुपार. भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं?

पण हे सुरू झालं अंथुर्ण्यात.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना अंथुर्णे लागतं. तिथं माझ्या थोरल्या भावाने, रघुनाथदादाने, १९९३ साली तीन खोल्यांची प्रयोगशाळा उभी केली. तिन्ही बाजूंनी ऊस, मागे मेंढरांची पत्र्याची शेड. मी लग्न केलं नव्हतं, पुण्यातली नोकरी सोडून त्याच्या मदतीला आले होते.

दादा रक्ताच्या गुठळीवर काम करायचा. पायाच्या शिरेत गुठळी होते, सुटते, वर फुप्फुसात जाऊन अडकते आणि माणूस दोन मिनिटांत जातो. ही गुठळी शरीरात नेमकी कुठे आहे ते शोधून तिला जाऊन चिकटेल असं प्रतिद्रव्य, म्हणजे अँटिबॉडी, त्याला बनवायचं होतं.

तसं प्रतिद्रव्य उंदरात तयार होतं. पण उंदराची वस्तू माणसाच्या अंगात घातली की अंग तिला परकं समजतं आणि तिच्यावर उलटतं. म्हणून दादाने जोडकाम केलं. गुठळी ओळखणारं पुढचं टोक उंदराचं ठेवलं आणि बाकी सगळं अंग माणसाचं लावलं. म्हणजे शरीराला वाटावं, हे आपलंच आहे.

हे मी भल्याभल्या शिकलेल्यांना समजावून थकले होते. आमच्या मेंढरांकडे बघणाऱ्या आबाजींना मात्र एका वाक्यात कळलं.

"आमी कोकराला करतू त्येच की ह्ये," ते म्हणाले.

मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरं एखादं पोरकं असलं, तर मेलेल्याचं कातडं सोलून पोरक्याच्या अंगावर बांधतात. वासाने मेंढी फसते. आपलंच समजून त्याला पाजते.

"अगदी तसंच," मी म्हटलं.

"पर ताई, त्ये कातडं तीन-चार दिसांत काढाया लागतं. ठिवलं तर सडतंय. मंग ज्याला पाजती त्यालाच तुडवती मेंढी."

मी हसले. तेव्हा मला हसायला फार यायचं.

आता माणसाचं अंग लावायचं म्हणजे ते कुठल्या तरी माणसाचं असणार. त्यासाठी जिवंत रक्त लागतं. आम्ही ते घेतलं आबाजींच्या धाकट्या मुलीचं. तिचं नाव नकोशी. तिसरीही मुलगीच झाली म्हणून ठेवलेलं नाव.

नकोशी आमच्याकडे काचेच्या बाटल्या धुवायची. नवरा साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. बोलायला फटकळ होती. मला घाबरत नसे, म्हणून मला ती आवडायची आणि त्याच कारणाने तिचा रागही यायचा.

"ताई, माझं रगात उंदराला जोडनार म्हंजी मला शेपूट फुटंल का?" रक्त काढताना तिने विचारलं होतं.

"फुटलं तर कापून देईन."

"मंग जोडा."

दीड वर्षात दादाने पुण्यातल्या मित्राच्या प्रयोगशाळेत ते जोडकाम पूर्ण केलं. नकोशीच्या रक्तातला तुकडा घेतलेल्या पेशी आमच्या फ्लास्कमध्ये वाढायला लागल्या. बाटलीवर आम्ही लिहिलं, "न-१".

ऑक्टोबर १९९६ मध्ये नकोशी पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली. आईकडे म्हणजे आमच्याच आवारात, शेडशेजारच्या दोन खोल्यांत. मुलगी झाली. प्रतीक्षा नाव ठेवायचं ठरलं.

तिची आई सारजाबाई. बाळंतिणीला तेल लावण्यात तिचा हात पंचक्रोशीत नावाजलेला. ओवा घालून तेल कडकडीत करायची, आणि सकाळचं मेंढरांचं आवरून बाराच्या सुमाराला लेकीला चोळायची. मग आंघोळ, मग शेक.

नवव्या दिवशी सारजाबाई माझ्या दारात आली. मी हातमोजे घालून बसले होते. समोर माणसाच्या रक्ताच्या गुठळ्यांच्या वीस नळ्या होत्या.

"ताई, पोरीचा डावा पाय लई सुजलाय. गरम लागतोय. हात लावला की वराडती. चोळू का नगं?"

नीट वाचा. डावा पाय. सुजलेला. गरम. बाळंतीण.

हातात वीस गुठळ्या घेऊन बसलेल्या बाईला एकविसावी ओळखता आली नाही. मला गुठळी फक्त नळीतली माहीत होती.

"बाळंतपणात सूज येतेच," मी म्हटलं. "जोरात चोळा. रक्त मोकळं होईल."

"डॉक्टरसायबास्नी इचारता का?"

गेटवरच्या पाटीवर दादाच्या नावाआधी 'डॉ.' होतं. तो पीएच.डी.चा डॉक्टर, औषधपाण्याचा नाही, हे आम्ही त्या लोकांना कधी नीट सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी आम्हाला विचारलंच नसतं, पोरीला सरळ बारामतीला नेलं असतं.

"दादा पुण्याला गेलाय. मी सांगतेय ना तुम्हाला?"

सारजाबाई गेली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. तेलकट हात कातडीवरून फिरल्याचा आवाज. चळ्... चळ्... चळ्...

आणि मधे नकोशी ओरडली, "ताई, हिला सांगा की वो... लई दुखतंय."

मी उठले... आणि खिडकी लावून घेतली. मला नळ्या मोजायच्या होत्या.

तीन दिवस ती चोळली गेली. बाराव्या दिवशी, आईचा हात पायावर असतानाच, नकोशी एकदम उठून बसली. छातीला हात लावला आणि संपली.

बारामतीच्या डॉक्टरांनी तपासणीनंतर मला बाजूला घेतलं. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. त्यांनी विचारलं, "पाय कुणी चोळला होता का?"

मी म्हटलं, "नाही."

घरच्यांना मी सांगितलं, हृदय बंद पडलं. दादालाही तेच सांगितलं. दादा रडला. मी नाही रडले. त्या संध्याकाळी मी फ्लास्क बघायला गेले, तर "न-१" इतकं जोमाने वाढलेलं होतं की रोजच्यापेक्षा दुप्पट बाटल्या भराव्या लागल्या.

सारजाबाई बाळाला घेऊन कऱ्हाटीला आपल्या गावच्या घरी गेली. आबाजी मेंढरांसाठी थांबले.

एप्रिल १९९७. आम्ही "न-१" मेंढ्यांना देऊन बघायला सुरुवात केली.

पद्धत सोपी होती. मेंढीच्या मानेतल्या शिरेत छोटी गुठळी तयार करायची. मग "न-१" टोचायचं. त्याला थोडं किरणोत्सर्गी आयोडीन लावलेलं असायचं. औषध जिथे जाऊन चिकटेल तिथे गायगर काउंटर धरला की तो टिकटिक करणार. हातात मावेल एवढी पेटी, सेलवर चालायची.

पहिली मेंढी. मी काउंटर तिच्या मानेवर धरला.

शांत.

गुठळी तिथेच होती, बोटाला लागत होती. पण यंत्र गप्प. मी सेल बदलले, बटण बंद-चालू केलं. सहज म्हणून पेटी खाली आणली...

डाव्या मागच्या पायापाशी यंत्र तडतडायला लागलं. इतकं की आबाजी दोन पावलं मागे सरले.

तिथे गुठळी नव्हती. आम्ही त्या पायाला हातही लावलेला नव्हता.

दुसरी मेंढी. डावा मागचा पाय.

तिसरी. डावा मागचा पाय.

चौथ्या मेंढीत आम्ही गुठळी केलीच नव्हती, ती नुसती तुलनेसाठी ठेवलेली. तरी डावा पाय तडतडला.

दादाला वाटलं माझं टोचणं चुकतंय. माझं टोचणं कधी चुकलेलं नाही, आणि मी ते त्याला चार शब्दांत ऐकवलं. आम्ही भांडत असताना शेडमधली सगळी मेंढरं एकाएकी गप्प झाली. चाळीस मेंढरं. रवंथसुद्धा थांबलं.

घड्याळात बारा वाजून गेले होते.

आबाजी चौथ्या मेंढीपाशी उकिडवे बसले. तिच्या डाव्या पायावरची लोकर चप्प बसलेली होती. त्यांनी बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मीही वाकले.

तेल. ओवा घालून कढवलेलं.

"ह्यो वास माज्या घरातला हाय," आबाजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, तुमी पोरीचं रगात घेतलं, व्हय म्हनलू. तिचं अजून काय ठिवलंय हितं?"

मी म्हटलं, "काही नाही, आबा."

त्यांनी खांद्यावर घोंगडी टाकली आणि चालू लागले. मागे वळूनही बघितलं नाही त्यांनी.

एवढं होऊनही दादा थांबला नाही. थांबला असता तर तो माझा भाऊ कसला. मेंढीचं काहीही होवो, माणसाचं शरीर "न-१"ला आपलं मानतं का, एवढंच त्याला बघायचं होतं. पंचवीस एप्रिलला त्याने थोडंसं स्वतःलाच टोचून घेतलं. साधं, आयोडीन न लावलेलं. टोचून झाल्यावर मला सांगितलं.

ताप नाही, पुरळ नाही, खाजसुद्धा नाही.

"बघ प्रमे," तो म्हणाला, "अंगाने आपलं मानलं."

चौदा दिवसांनी त्याचा डावा पाय सुजला.

एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगते. ते प्रतिद्रव्य गुठळी शोधतं, गुठळी करत नाही. करूच शकत नाही. मग दादाच्या पायात गुठळी कुठून आली, हे मला आजपर्यंत कुणी सांगू शकलेलं नाही.

बारामतीच्या डॉक्टरांनी, त्याच डॉक्टरांनी, दादाला पलंगावर झोपवलं. पायाखाली उशा, हाताला रक्त पातळ करायचं सलाइन. मला बजावलं, "पाय हलवायचा नाही. चोळायचा तर अजिबात नाही. गुठळी मांडीपर्यंत आहे. सुटली तर मी काही करू शकणार नाही."

रविवारी दादा म्हणाला, "काउंटर आण."

"कशाला? तुझ्या डोसात आयोडीन नव्हतं. यंत्र गप्पच राहणार."

"म्हणूनच आण. ते गप्प राहिलं की मला झोप लागेल."

सोमवारी सकाळच्या एस.टी.ने मी अंथुर्ण्याहून पेटी आणली, पिशवीत, टॉवेलात गुंडाळून. दादाच्या पायावर धरली. घोट्याशी गप्प. पोटरीशी गप्प. मांडीशी गप्प.

दादा हसला. दहा मिनिटांत त्याला गाढ झोप लागली. मी पेटी पलंगावर त्याच्या पायाशी ठेवली आणि खुर्चीत बसले.

बारा वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. खालच्या रस्त्यावर एक टेम्पो हॉर्न वाजवत होता, तोही थांबला. व्हरांड्यातली माणसं बोलत होती, ती बोलायची थांबली.

मग...

टिक.

मी पेटीकडे बघितलं. काटा हलला होता.

टिक... टिक.

मी पेटी उचलली. दादाच्या घोट्याशी नेली. टिकटिक वाढली. पोटरीशी नेली. काही नाही. परत घोट्याशी आणली, तर तिथे आता काही नव्हतं... आवाज पोटरीशी गेला होता.

तो सरकत होता.

घोटा. पोटरी. गुडघा. मग पुन्हा खाली घोटा. पुन्हा पोटरी. गुडघा. दर खेपेला थोडं वर.

आणि त्या टिकटिकीखाली दुसरा आवाज. हळू, ओला.

चळ्... चळ्... चळ्...

मी पांघरूण बाजूला केलं.

सुजलेल्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तो लगेच भरत नाही. दादाच्या पोटरीवर खड्डे पडत होते. माझ्या डोळ्यांसमोर पडत होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. चार बोटं आणि अंगठा. दोन हातांचे. कातडी तेलाने चकाकत होती.

दादा झोपेत बोलला. "बरं वाटतंय गं... जरा जोरात."

मी बेल दाबली. लाईट नव्हती, बेल वाजली नाही. हाक मारली तर दादा दचकून उठला असता. आणि त्या पायाला मी हात लावू शकत नव्हते. ते हात ओढून काढायचे म्हटले तरी पाय हलणार होता, आणि पाय हलला की गुठळी सुटणार होती.

गुडघ्याच्या वर. मांडी. टिकटिक एकमेकीत मिसळून एकच कर्कश आवाज झाला होता.

दादाने झोपेतच छातीकडे हात नेला.

तेव्हा मी त्याच्या पायाशी वाकले. मी ओरडले नाही. खूप हळू बोलले, कुणाच्या कानात सांगावं तसं.

"नकोशी, चोळायला मी सांगितलं होतं. तुझ्या आईला कळत होतं, तिने विचारलं होतं. मी म्हटलं जोरात चोळा. तू हाक मारलीस, मी खिडकी लावली. डॉक्टरांशी खोटं बोलले. दादाला यातलं काही माहीत नाही. त्याला सोड. तुला पाय हवा असेल तर माझा घे."

टिकटिक थांबली.

मांडीवरचे खड्डे हळूहळू भरून आले. मी मोजलं, पूर्ण एक मिनिट काहीही झालं नाही. मी परत खुर्चीत बसले, पेटी मांडीवर घेतली. दादाचं पांघरूण सारखं करायला वाकले आणि ती माझ्या पायावरून खाली घसरली...

टिक.

माझ्या डाव्या घोट्यापाशी.

लाईट आली. पंखा सुरू झाला. दार उघडून सिंधुबाई आत आली, तिथली आयाबाई. तिला यातलं काहीही माहीत असायचं कारण नव्हतं. ती दारातच थांबली.

"आवो, हितं बाळंतीन कोन हाय?" ती म्हणाली. "ओव्याच्या तेलाचा वास मारतोय."

मी दादाकडे बघितलं. त्याचे डोळे उघडे होते. किती वेळ उघडे होते ते मला माहीत नाही. त्याने मान भिंतीकडे फिरवली.

दादा वाचला. डॉक्टर खूश झाले, औषधाला यश आलं म्हणाले. जूनमध्ये दादा घरी आला. "न-१"च्या सगळ्या बाटल्या मी एकटीने वाफेच्या भांड्यात घालून मारल्या. एक कुपी पुण्याला मित्राकडे नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेली होती. तो म्हणाला, ती सापडत नाही.

दादा माझ्याशी बोलत नव्हता. एक दिवस जेवताना फक्त एवढंच म्हणाला, "हॉस्पिटलच्या भिंतींना सांगून काय उपयोग? सारजाबाईंना सांग."

मी टाळलं. एक आठवडा, दोन आठवडे. मला माझ्या माफीची पर्वा नव्हती. पण एका आईला जाऊन काय सांगायचं? तुझ्या हातांनी तुझी पोर मेली?

तिसऱ्या आठवड्यात दादाचा पाय पुन्हा सुजायला लागला.

मग मी कऱ्हाटीची एस.टी. पकडली.

सारजाबाई पडवीत बसली होती. आबाजी रानात गेले होते. प्रतीक्षा आत झोपली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, एका दमात. डॉक्टर काय म्हणाले ते. चोळल्याने काय होतं ते.

ऐकताना ती हात पदराला पुसत राहिली.

"तुमी चोळा म्हनला हुता, त्ये मला ठावं हाय," ती शेवटी म्हणाली. "पर त्यानं गेली, ह्ये मला आज कळतंय."

तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आयुष्यात मला स्वतःची इतकी किळस कधी वाटली नाही.

"माजं हात बगा," ती म्हणाली.

तिने दोन्ही तळवे पुढे केले. मनगटापर्यंत तेल होतं. ताजं, गरम. जवळपास कुठे वाटी नव्हती, चूल विझलेली होती.

"वैशाखापास्नं असं हुतंय. रोज बाराच्या टायमाला. साबनानं धुतू, राखंनं घासतू, जात न्हाय. घटकाभर हात आपसूक हलत्यात. म्या इचार करायची, कुनाला चोळत्यात ह्ये?" तिने हात मागे घेतले. "म्हंजी तुमच्या भावाला व्हय."

मी मान हलवली.

"आन् आता?"

"माझा पाय देते म्हणाले आहे मी तिला."

"मंग दिला का न्हाय अजून?" तिच्या आवाजात दया नव्हती. असायचं कारणही नव्हतं. "बोलल्यावर द्याया लागतंय, ताई. न्हाय दिला तर ती पुन्यांदा त्येंच्याकडंच जानार. बसा हितं. डावा पाय फुडं करा."

परतीची गाडी साडेबाराला होती. मी उठून जाऊ शकत होते.

मी बसले. साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि डावा पाय पुढे केला.

तिने तासभर चोळला. जोरात. मला दुखलं, खूप दुखलं. मी एकदा म्हटलंही, "सारजाबाई, बास." तिने ऐकलं नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या पायाकडे बघत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं, आणि हात तिच्या मनाने चालत नव्हते, हे मला दिसत होतं.

त्या संध्याकाळी दादाची सूज उतरली. ती परत कधी आली नाही. दादा आज पंचाहत्तरीचा आहे, रोज फिरायला जातो. माझ्याकडे मात्र येत नाही.

मला काहीच झालं नाही. पण तेव्हापासून रोज दुपारी बाराला माझ्या डाव्या पायावर ते हात येतात. घोट्यापासून वर. घटकाभर. मी पुण्यात, मुंबईत, एकदा दिल्लीला होते, तिथेही आले. पाच डॉक्टरांना दाखवलं, तीनदा सोनोग्राफी केली. गुठळी नाही. अजून तरी नाही. रोज टेपने पोटरी मोजते.

एक समजूत मी घालून घेतली होती. हे हात सारजाबाईचे आहेत. ती आहे तोवर हे आहे.

सारजाबाई २००९ च्या फेब्रुवारीत वारली. आबाजींचा निरोप आला, मी कऱ्हाटीला जाऊन आले. येताना एस.टी.त मी रडले, आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी मुद्दाम खुर्चीत बसले. डावा पाय समोर स्टुलावर ठेवला. घड्याळ बघत होते.

बारा. बारा पाच. काही नाही.

बारा दहा...

आधी घोट्याला हात लागले, ओळखीचे.

मग गुडघ्याला आणखी दोन. आता मायलेकी दोघी.